पुढची डावी सीट

सयाजीरावांच्या गाडीला दोन वर्षांत तीन वेळा मागून ठोकर बसली. कागदावर तिन्ही वेळा चूक मागच्याची होती आणि तिन्ही क्लेम मंजूर झाले होते. तिन्ही ठोकरी रस्त्यावरच्या एकाच जागी बसल्या होत्या, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. क्लेम तीन, सर्व्हेयर तीन. तिन्ही फायली शेजारी ठेवून वाचायला हल्ली कुणाला सवड नसते. मला होती.

मी आदगोंडा. विम्याच्या कचेरीत चौतीस वर्षं क्लेमच्या टेबलावर बसलो. आता सांगलीत पुतण्याच्या, आर्जवच्या एजन्सीत कागद तपासायला जातो. लिहिणं म्हणजे मला फॉर्म भरणं तेवढं माहीत. हे लिहितानाही आपण भलतंच काही सांगत नाही ना, अशी धाकधूक आहे. सयाजीरावांना विचारून घेतलं. ते म्हणाले, "लिवा की आण्णा. वाचतंय कोण?"

सयाजीराव लोणंदचे. तेहतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. त्यांच्या बायकोला, शालूबाईंना, मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिससाठी साताऱ्याला न्यावं लागतं. मुलगा उदयसिंह कुपवाडच्या कारखान्यात कामाला. त्यानं आईसाठी कर्जावर गाडी घेतली आणि बापाच्या नावावर केली. विमा आर्जवकडून उतरवला. गेल्याच्या गेल्या जानेवारीत तो संपला आणि जुन्या कंपनीनं तो पुढं चालवायला नकार दिला.

उदयसिंह ऑफिसात आला तेव्हा मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर होतो.

"सिस्टीमला तुझ्या वडलांच्या नावापुढं लाल खूण आलीय," आर्जव त्याला म्हणाला. "हाय रिस्क. तीन क्लेम, वय अडुसष्ट. थर्ड पार्टी कुणी नाकारू शकत नाही, कायदाच आहे तो. ती पावती मी कालच फाडलीय, म्हणून गाडी रस्त्यावर आणता येतीय. पण गाडीच्या नुकसानीचा विमा द्यायचा का नाही, हे कंपनीच्या मर्जीवर."

"मग नुसत्या थर्ड पार्टीवर चालवू."

"गाडी बँकेकडं तारण हाय गड्या. फुल इन्शुरन्स नसला तर बँक गप बसंल व्हय?"

"मग विकतो," उदयसिंह म्हणाला. "आयुष्यभर एकाला धक्का लावला नाही म्हणून भिंतीवर बिल्ला लावलाय वडलांनी, आणि आता हे. तिसऱ्या ठोकरीला आईची मान लचकली. ती मागं बसते. चौथ्या वेळी कोण कुठं धडकंल ते सांगता येत नाही."

एक दुसरी कंपनी तयार होती, पण तिच्या अटी होत्या. हप्ता दीडपट. क्लेम नसल्याची सवलत शून्य. प्रत्येक नुकसानीतले पहिले दहा हजार मालकाने सोसायचे. आणि मधे नऊ दिवस विमा खंडित झाला होता, म्हणून माणूस पाठवून गाडीची तपासणी. नुसता मोबाइलचा व्हिडिओ चालणार नव्हता. गाडी आणि चालक दोन्ही पाहून शेरा लिहून हवा होता.

आर्जव माझ्याकडे वळला. "काका, जाता का तुम्ही? तेवढंच फिरून याल."

मी तिन्ही फायलींतले फोटो पिशवीत घातले आणि सोमवारी रेल्वेने लोणंदला उतरलो.

सयाजीराव स्टेशनावर आले होते. ताठ माणूस, बारीक केस कापलेले, खाकी रंगाचा स्वेटर. गाडी त्यांनी बाजारातून अशी काढली की भाजीवाल्याच्या पाटीला वारासुद्धा लागला नाही. आरशात बघणं, सिग्नल देणं, सगळं वेळच्या वेळी. मी मनात म्हटलं, याला हाय रिस्क कोण म्हणेल?

मी दिवस मावळल्यावर जेवत नाही, हे आर्जवनं आधीच कळवलं होतं. साडेपाचलाच ताट वाढलेलं होतं. स्वयंपाक सयाजीरावांनीच केला होता, बिनकांदालसणीचं पिठलं.

"खावा आण्णा," शालूबाई कॉटवरून म्हणाल्या. "तेहतीस वर्सं यष्टी हाकली, पर पिठल्यात अजून गुठळ्या हुत्यात बगा."

"तुजी पथ्यं संभाळता संभाळता शिकलो त्येवढं लय झालं," सयाजीराव म्हणाले.

शालूबाईंचे हात मी तेव्हा पाहिले. डाव्या हाताच्या शिरा फुगलेल्या, आणि दोन्ही तळवे पांढुरके. पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवताना त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली. बर्फ धरल्यासारखं वाटलं.

"आजारानं हात कायम गारच," त्या हसून म्हणाल्या.

मंगळवारी पहाटे, उजाडायला लागल्यावर मी तपासणी उरकायला घेतली. चारी बाजूंचे फोटो, काचा, टायर, किलोमीटरचा आकडा. राहिला चेसिस नंबर. आम्ही जुनी माणसं नुसत्या फोटोवर विसंबत नाही. नंबरावर कागद ठेवायचा आणि वरून शिसपेन्सिल आडवी घासायची, की पोलादात कोरलेले आकडे कागदावर उमटतात. या गाडीत तो नंबर पुढच्या डाव्या सीटच्या तळाशी, गालिच्याच्या एका झडपेखाली होता.

मी दार उघडून खाली वाकलो. आधारासाठी एक हात सीटवर टेकवला आणि उचलला.

सीट ऊन होती.

जानेवारीची पहाट. टपावर दव साचलेलं, काचा पांढऱ्या झालेल्या. गाडी रात्रभर बंद होती. मी ड्रायव्हरची सीट चाचपली, मागची चाचपली, दोन्ही गारठलेल्या. परत पुढच्या डाव्या सीटवर हात ठेवला. पुरी सीट तापलेली नव्हती. मधोमध, हाताच्या दोन पंजांत मावेल एवढाच गोल ऊबदार होता. तव्यावरून काढलेल्या भाकऱ्यांची चळत कुणी तिथं ठेवून नुकतीच उचलली असावी, तसा.

"आण्णा, तिथं गुडगा टेकू नगा," मागून शालूबाई म्हणाल्या. त्या शाल गुंडाळून ओट्यावर उभ्या होत्या. "आन् फुडं बसू बी नगा. माज्यासंगं मागं या."

"का हो?"

"म्या पयल्यांदा बसले व्हते फुडं. पुन्हा न्हाई बसले." एवढंच बोलून त्या घरात गेल्या.

मी पेन्सिल घाईनं घासली आणि कागद घडी करून खिशात घातला. आकडे नीट उमटले नव्हते. पुन्हा वाकलो नाही.

साडेसहाला निघालो. शालूबाईंशेजारी मी मागे, पुढची डावी सीट रिकामी. सालप्याचा घाट चढून वर आलो तोवर सूर्य यायच्या बेतात होता. शेतांवर धुकं होतं. घाट संपला की वाठारच्या अलीकडे रस्ता बराच वेळ सरळ जातो. मागे उसाचा रिकामा ट्रक होता. त्याचे दिवे मागच्या काचेत दिसत होते. सयाजीराव उदयसिंहाच्या नव्या घराबद्दल सांगत होते. लाकडी दारं घ्यावीत का लोखंडी, असं काहीतरी.

शालूबाईंनी माझा हात धरला. "घट धरा म्होरची शीट," त्या पुटपुटल्या आणि स्वतः मान छातीशी घेऊन वाकल्या.

गाडी करकचून थांबली.

मागच्या ट्रकचा हॉर्न कानात घुसला. तो आमच्या डाव्या बाजूने, मातीत उतरून, धुरळा उडवत पुढं गेला. क्लीनरनं बाहेर तोंड काढून दिलेली शिवी मी इथं लिहीत नाही. समोरचा रस्ता रिकामा होता. कुत्रंसुद्धा नव्हतं.

सयाजीराव बोलायचे थांबले होते. त्यांनी उजवीकडची काच खाली केली. कोपरापर्यंत हात बाहेर काढला, तळवा वर. आत धुकं आलं. मग हात जरा खाली गेला, हातावर वजन आल्यावर जातो तसा. त्यांनी तो जपून आत घेतला, स्टिअरिंगवरून डावीकडे नेला आणि सीटवर काहीतरी ठेवल्यासारखं करून मोकळा केला.

लगेच गाडीत टिंग टिंग वाजायला लागलं. डावीकडे बसलेल्यानं पट्टा लावला नसला की या गाड्यांत वाजतं, ते. सीटवर वजन आल्याशिवाय ते वाजत नाही.

सयाजीरावांनी न बघता रिकाम्या सीटचा पट्टा ओढला आणि खाचेत अडकवला. आवाज थांबला. काच वर गेली, गिअर पडला, गाडी निघाली.

"तर म्या म्हनलं उदयला, लोखंडीच घे. लाकडाला वाळवी," ते म्हणाले.

वाठार मागं पडल्यावर मी विचारलं, "सयाजीराव, मघाशी ब्रेक का मारला?"

"कुटं?" त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. नजर सरळ होती. "घाटात व्हय? वळणाला मारावाच लागतोय."

"आणि हा पट्टा?"

"त्यो सेन्सर बिगाडलाय. तीनदा दावली गाडी. म्हनत्यात, काय न्हाई झालेलं. उगंच वाजतंय."

शालूबाईंनी माझा हात अजून सोडला नव्हता. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

साताऱ्यात दवाखान्याचा रस्ता स्टँडच्या आधीच फुटतो. सयाजीरावांनी गाडी सरळ बसस्टँडवर नेली, फाटकाशी हळू केली, डावीकडचा पट्टा सोडला आणि वळसा घालून दवाखान्याकडे आणली. पट्टा सोडल्यावर काहीही वाजलं नाही.

शालूबाईंना आत घेतलं. चार तास लागतात. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो. आर्जवचा फोन आला. "काका, गाडी ओके आहे ना? शेरा पाठवा म्हणजे झालं. या आठवड्यात पॉलिसी निघाली नाही तर उदयसिंह गाडी दाखवायला काढणार आहे. गिऱ्हाईक बघून ठेवलंय त्यानं."

मी म्हटलं, बघतो. दोन शब्द बोलायचे तर मी दहा वेळा विचार करतो, आणि मग बहुतेक वेळा बोलतच नाही. पिशवीतून तीन फोटो काढले आणि बाकावर ओळीने ठेवले.

तिन्हींत गाडीची चेपलेली मागची बाजू. पहिल्यात पावसाळा, दुसऱ्यात कडक ऊन, तिसऱ्यात धुकं. तिन्हींत डाव्या कडेला एकच किलोमीटरचा दगड, वरचा कोपरा फुटलेला.

सयाजीरावांनी चष्मा लावला. एकेक फोटो हातात घेतला. दुसऱ्यावर थांबले.

"ह्यो दगूड…" ते म्हणाले. "हितं झाडं व्हती आण्णा. दोनी अंगाला. रस्ता मोटा केला तवा तोडली. म्या वळकलंच न्हाई. आठवड्यातनं दोनदा जातोय, पर वळकलंच न्हाई."

मग ते सांगायला लागले. मधे मधे थांबत होते, म्हणून मी माझ्या शब्दांत लिहितो.

सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वी ते लोणंद-सातारा ही सकाळची पहिली गाडी चालवायचे. त्या दगडापाशी बनुबाई नावाची बाई उभी असायची. जवळच्या वस्तीवरची. तिची मुलगी राजेश्वरी साताऱ्याला नर्सिंग शिकत होती. खेड्यातल्या आया शिकणाऱ्या पोरांना एसटीनं डबा पाठवतात, तसा ही रोज पाठवायची. पितळी डबा, फडक्यात बांधलेला, गाठ वर. मुलगी स्टँडच्या फाटकाशी येऊन घेऊन जायची आणि रिकामा डबा परतीच्या गाडीला द्यायची. तो थांबा कुठल्या कागदावर नव्हता आणि डबा नेणं नियमात बसत नव्हतं, पण सगळेच ड्रायव्हर नेत.

सुरुवातीला ती रस्त्याच्या डाव्या कडेला उभी राहायची. गाडी थांबायची, कंडक्टर दार उघडून डबा घ्यायचा, दोनदा बेल मारायचा. मिनिटभर जायचं, आणि कंडक्टर रोज कुरकुरायचा.

"म्याच तिला म्हनलं," सयाजीराव म्हणाले. "म्हनलं, बाई, उद्यापास्नं माज्या अंगाला हुबी ऱ्हा. म्या गाडी हळू करतो, तू डबा वर धर. थांबायचं काम न्हाई."

म्हणजे रस्त्याच्या मधोमध. ती उभी राहायला लागली. दोन वर्षं असं चाललं. सयाजीराव उजवा हात बाहेर काढायचे, गाठ बोटांत यायची, डबा डावीकडे, इंजिनावरच्या गरम बॉनेटवर जायचा.

एका सकाळी तपासणीचं पथक लोणंदलाच गाडीत चढलं. साहेब सयाजीरावांच्या मागेच बसला. झाडं दिसायला लागली, बनुबाई दिसली, तिनं डबा वर धरला.

"म्या गाडी हळू केली न्हाई. हात बी काडला न्हाई. म्हनलं एक दिस डबा न्हाई ग्येला तर काय हुतंय. तिला वाटलं, म्या इसरलो. ती डबा वर धरून पळाय लागली, गाडीसंगं. दोन-तीन पावलं. म्होरनं टेम्पो आला."

ते फोटोकडे बघत होते. "आरशात फडकं दिसलं, वर उडाल्यालं. म्या ब्रेक मारला न्हाई, आण्णा."

गाडी साताऱ्याला वेळेवर पोचली. फाटकाशी राजेश्वरी उभी होती. तिनं खिडकीखाली येऊन विचारलं, "काका, डबा?"

"आज न्हाई दिला," सयाजीराव म्हणाले.

"बरं," ती म्हणाली आणि गेली. तिला घरून निरोप पोचायला दुपार झाली असणार. पुन्हा ती त्यांना कधी दिसली नाही. सयाजीरावांच्या गाडीचा कुणाला धक्का लागला नव्हता, त्यामुळे कुठं नोंद व्हायचा प्रश्न नव्हता. पुढं विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळाला. उदयसिंह म्हणाला होता तोच.

मग मी त्यांना सकाळी पाहिलेलं सगळं सांगितलं. ब्रेक, हात, सीट, पट्टा. ऐकताना ते स्वतःच्या उजव्या हाताकडे परक्याचा हात असल्यासारखे बघत राहिले.

"लिवा आण्णा," ते शेवटी म्हणाले. "लिवा, ह्या मान्साच्या हातात गाडी द्यू नगा. मागनं ट्रक आला तर शालू मागंच बसतीया."

"मग त्या साताऱ्याला कशा येतील?"

"तीच म्हनती, यष्टीनं यीन म्हून." पण ते जमणारं नाही, हे त्यांनाही माहीत होतं. तेवढ्यात शालूबाईंना बाहेर आणलं. व्हीलचेअरवरून उठून गाडीच्या दारापर्यंत चार पावलं चालताना त्यांना दोनदा टेकावं लागलं.

शेरा लिहायचा रकाना पुढं होता आणि माझ्याच्यानं लिहवेना. नाही म्हटलं तर आठवड्यात गाडी जाणार, आणि या बाईचं येणं थांबणार. हो म्हटलं तर त्या दगडापाशी मागून कुणीतरी येणार, आज ना उद्या. परतीच्या वाटेत, दगडापाशी काहीही झालं नाही. घरी पोचल्यावर मी एक गोष्ट बोललो. कशी बोललो ते मला अजून कळलेलं नाही.

"सयाजीराव, थांबायचं तर नीट थांबा. आधी सिग्नल द्या आणि गाडी डाव्या कडेला, मातीत उतरवा. तिला पुन्हा रस्त्याच्या मधे उभं करू नका. डावीकडची काच उघडून डबा घ्यायला कुणीतरी पुढं बसायला पाहिजे. शुक्रवारी मी बसतो."

शालूबाई कॉटवर पडल्या पडल्या म्हणाल्या, "बसा. पर अंग चोरून बसा."

आर्जवला शुक्रवारपर्यंत थांबतो म्हणून कळवलं. "दोन फोटो काढायला चार दिवस, काका?" तो म्हणाला. उदयसिंहाला त्यानं कसंबसं थोपवलं.

शुक्रवारी धुकं जास्त होतं. मी पुढं बसलो, पट्टा लावला. सीट मंगळवारसारखीच मधोमध ऊन होती. मी कडेला सरकून बसलो. घाट चढलो. सरळ रस्ता लागल्यावर सयाजीरावांनी बोलणं बंद केलं. मागे एक पिकअप होती. दगड दिसायच्या बराच आधी त्यांनी डावा सिग्नल दिला. त्याची टिकटिक गाडीत मोठी वाटत होती. चाकं मातीत उतरली, गाडी दगडाला लागून थांबली. पिकअप हॉर्नसुद्धा न वाजवता निघून गेली.

सयाजीरावांचा उजवा हात काचेच्या बटणाकडे निघाला होता. त्यांनी तो डाव्या हातानं धरला आणि स्टिअरिंगवर दाबून ठेवला.

मी माझ्या बाजूची काच खाली केली. बाहेर हरभऱ्याचं रान, त्यावर धुकं. मला लाज वाटत होती. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, क्लेमच्या टेबलावर खोटी बिलं पकडण्यात हयात घालवलेला, सकाळी सात वाजता रिकाम्या रानापुढे ओंजळ धरतो आहे. तरी मी दोन्ही हात बाहेर काढले.

किती वेळ गेला ते सांगता येत नाही. आधी वास आला. मी लसूण खात नाही, पण लसणाची चटणी आणि गरम भाकरी यांचा वास ओळखतो. मग हातांवर ऊब आली, आणि तळव्यांवर वजन आलं. जड नाही, चार भाकऱ्या आणि पितळ, एवढंच. हातात दिसत काहीच नव्हतं. दिसत नव्हतं म्हणूनच मला हात सैल सोडायची भीती वाटली. ते मी आत घेतले आणि मांडीवर टेकवले. मांडीला चटका बसावा इतकं ऊन होतं.

कुणी हललं नाही. गाडी निघायला हवी होती आणि सयाजीराव समोर बघत नुसते बसले होते, कशाची तरी वाट बघत. मग मागून शालूबाईंनी हातातली बांगडी दाराच्या कडीवर दोनदा आपटली, कंडक्टरच्या बेलसारखी. टिंग, टिंग.

सयाजीरावांनी आरशात पाहिलं, उजवा सिग्नल दिला आणि गाडी रस्त्यावर घेतली.

साताऱ्यापर्यंत मी तसाच बसलो, हात मांडीवर, वाकडं न होता. वाठारला मला खोकला आला, तो मी दाबला. स्टँडच्या फाटकाशी सयाजीरावांनी एक जागा दाखवली. "हितं हुबी ऱ्हायची." मी उतरलो आणि तिथं उभा राहिलो. लोक बाजूने जात होते. कुणाला काय द्यायचं, काय म्हणायचं, मला काही सुचत नव्हतं. शेवटी हळूच म्हटलं, "डबा आलाय."

पाठीवर बॅग घेतलेली एक कॉलेजची मुलगी थबकली. "आजोबा, काही पाहिजे का?"

मी मान हलवली. ती गेल्यावर बोटांना गार वारा लागला, तेव्हा कळलं की माझे हात रिकामे आहेत.

त्याच दुपारी दवाखान्याच्या बाकावर मी शेरा लिहिला. "वाहन सुस्थितीत. चालक अनुभवी, प्रत्यक्ष चालवताना पाहिले, समाधानकारक. पुढच्या डाव्या सीटचा सेन्सर सदोष." शेवटचं वाक्य खोटं आहे. मला त्या रकान्यात दुसरं काही लिहिता आलं नाही. आजवर खोटं लिहिलेलं ते एकच वाक्य, आणि ते अजून खुपतं. कंपनीनं त्याच अटींवर विमा दिला. उदयसिंहानं कुरकुरत हप्ता भरला आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं.

त्याला वर्ष होऊन गेलं. एकही ठोकर नाही. यंदा नूतनीकरणाला कंपनीनं क्लेम नसल्याची वीस टक्के सवलत दिली. आर्जव म्हणाला, "काका, लाल खूण गेली बघा." सयाजीराव आठवड्यातून दोनदा त्या दगडापाशी सिग्नल देऊन, डाव्या कडेला उतरून थांबतात. जाताना मागची सीट आता रिकामी असते. पुढं शालूबाई बसतात. काच त्याच उघडतात, बांगडी त्याच वाजवतात.

"भीती वाटत नाही का?" मी एकदा फोनवर विचारलं.

"आदी वाटायचं," त्या म्हणाल्या. "आता न्हाई. साताऱ्यापातूर हात ऊन ऱ्हात्यात, आण्णा. बाकी आठवडाभर कुनी कितीबी चोळलं तरी हुत न्हाईत."

हे सगळं लिहायचं कारण परवाचा त्यांचा फोन. डायलिसिसहून घरी पोचल्या होत्या, आवाज थकलेला होता. म्हणाल्या, येताना त्या मागं आडव्या पडल्या होत्या, पुढची सीट रिकामीच होती. त्या दिवशी येतानाही सयाजीरावांनी गाडी स्टँडवरून घेतली, फाटकाशी वळली आणि टिंग टिंग वाजायला लागलं. आजवर येताना कधी वाजलं नव्हतं. सयाजीरावांनी गाडी कडेला घेतली. शालूबाई उठून पुढं गेल्या आणि त्यांनी सीटवर हात ठेवून बघितला.

"गार व्हतं," त्या म्हणाल्या. "आन् हलकं. रिकामा डबा आलाय माघारी."

मला विचारायचं होतं की तो कुणी दिला, पण त्या थांबल्या नाहीत.

"म्या मांडीव घिऊन बसले," त्या म्हणाल्या. "ह्यांनी दगडापाशी त्या अंगालाबी गाडी थांबवली. काच खाली केली. हात बाहीर काडले तवा, घेतला बगा कुनीतरी."